लहान संगणक आणि अनेक पडदे : किती मॉनिटर जोडता येतात?

पुस्तकाएवढ्या जागेत मावणारे लहान डेस्कटॉप संगणक आता कार्यालये, दवाखाने, दुकाने आणि वृत्तकक्ष अशा सर्वच ठिकाणी दिसू लागले आहेत. टेबलावर वाचलेल्या जागेत दुसरा किंवा तिसरा मॉनिटर ठेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. लेखापालाला एका पडद्यावर बिले आणि दुसऱ्यावर खतावणी हवी असते. अनुवादकाला एका बाजूस मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूस अनुवाद आणि शक्य झाल्यास शब्दकोशही समोर लागतो. वारंवार खिडक्या बदलण्याचे श्रम त्यामुळे वाचतात आणि नजरचुकीने होणाऱ्या चुकाही कमी होतात.

मात्र मॉनिटर विकत आणल्यानंतर त्यातील एक पडदा काळाच राहतो, किंवा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी केबल बदलली जाते, मॉनिटर परत केला जातो, दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ बोलावला जातो. बहुतेक वेळा यांपैकी कशातही दोष नसतो. संगणकाची मर्यादा खरेदीपूर्वी तपासलेली नसते, एवढेच त्याचे कारण असते.

पोर्टची संख्या आणि पडद्यांची संख्या

संगणकाच्या मागील बाजूस जितके पोर्ट तितके पडदे जोडता येतील, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पडद्यावरील चित्र सतत नव्याने काढले जात असते. साधारणपणे सेकंदाला ६० वेळा स्मृतीमधून संपूर्ण चित्र वाचून ते मॉनिटरकडे पाठवावे लागते. हे काम प्रोसेसरमधील एक स्वतंत्र विभाग करतो आणि प्रत्येक स्वतंत्र चित्रासाठी असा एक विभाग लागतो. त्यांची संख्या प्रोसेसर तयार होतानाच ठरलेली असते. पोर्ट हा केवळ बाहेर पडण्याचा दरवाजा होय. दरवाजे पाच असले आणि चित्र पाठवणारे विभाग दोनच असले, तर पडदेही दोनच चालतात.

मोठ्या डेस्कटॉप संगणकात यावर सोपा उपाय असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवून ही संख्या वाढवता येते. ॲपल कंपनीच्या १९८७ च्या मॅकिन्टॉश-२ या संगणकात एकाहून अधिक कार्डे बसवून अनेक पडदे वापरता येत असत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९८ मध्येही ही सोय होती. लहान संगणकांत बहुधा कार्डासाठी जागाच नसते. त्यामुळे जी मर्यादा खरेदीच्या दिवशी असते, तीच शेवटपर्यंत राहते.

मॅक मिनीचे उदाहरण

ॲपलचा मॅक मिनी हा लहान संगणक २००५ मध्ये प्रथम आला. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांवरून हा मुद्दा चांगला स्पष्ट होतो.

२०१८ च्या मॅक मिनीमध्ये इंटेलचा प्रोसेसर होता. त्याला चार थंडरबोल्ट ३ पोर्ट आणि एक एचडीएमआय पोर्ट असे पाच मार्ग होते आणि ४के दर्जाचे तीन मॉनिटर त्यावर चालत. एक मॉनिटर ५के दर्जाचा घेतल्यास मात्र एकूण संख्या दोनवर येत असे, कारण ५के चित्र दोन पडद्यांची क्षमता वापरत होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःचा एम-१ प्रोसेसर बसवलेला मॅक मिनी आणला. तो आधीच्या संगणकापेक्षा वेगवान होता, परंतु त्यावर दोनच मॉनिटर जोडता येत होते. एक थंडरबोल्टमधून ६के दर्जापर्यंत आणि दुसरा एचडीएमआयमधून ४के दर्जापर्यंत. दुसरा थंडरबोल्ट पोर्ट मोकळा असला तरी तिसरा मॉनिटर त्यावर चालत नसे. याच प्रोसेसरच्या लॅपटॉपवर स्वतःच्या पडद्याव्यतिरिक्त एकच मॉनिटर जोडता येत होता. म्हणजे दोन्हीकडे बेरीज दोनच. जुना संगणक देऊन नवा घेणाऱ्या आणि तीन पडद्यांवर काम करणाऱ्या ग्राहकाचा एक मॉनिटर अशा रीतीने निरुपयोगी ठरत होता.

जानेवारी २०२३ च्या एम-२ आवृत्तीतही मर्यादा दोनचीच राहिली. त्याच वेळी आलेल्या एम-२ प्रो या महाग आवृत्तीत ती तीन झाली. २०२४ च्या अखेरीस आलेल्या एम-४ आवृत्तीत मूळ संगणकालाही तीन मॉनिटर जोडण्याची सोय मिळाली. या संगणकाला मागे तीन थंडरबोल्ट पोर्ट व एक एचडीएमआय पोर्ट आणि पुढे दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. पुढील दोन पोर्टमधून चित्र जात नाही. मागील चार पोर्टमधून जाते, परंतु एकाच वेळी तीन पडदेच चालतात. सहा पोर्ट, चार मार्ग आणि तीन पडदे असा हा हिशेब आहे.

इतर लहान संगणक

विंडोज किंवा लिनक्सवर चालणाऱ्या लहान संगणकांत प्रोसेसरच्या पिढीकडे पाहावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सवर तीन स्वतंत्र पडदे चालवण्याची सोय २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून आली. २०२० मध्ये लॅपटॉपसाठी आलेल्या अकराव्या पिढीत ती चारवर गेली. लॅपटॉपचेच प्रोसेसर अनेक लहान संगणकांत वापरले जातात. तरीही उत्पादकाने प्रत्यक्षात किती पोर्ट दिले आहेत, यावर अंतिम संख्या अवलंबून असते. प्रोसेसर चार पडद्यांचा आणि मागे दोनच एचडीएमआय पोर्ट, अशी उलट स्थितीही आढळते.

शाळा आणि हौशी अभ्यासकांमध्ये लोकप्रिय असलेला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक २०१९ मध्ये आला, तेव्हा त्याला दोन सूक्ष्म एचडीएमआय पोर्ट होते. एकच ४के मॉनिटर जोडल्यास तो सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकतो. दोन ४के मॉनिटर जोडल्यास प्रत्येकावर ३० चित्रे मिळतात. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये ही अडचण दूर झाली आणि दोन्ही पडद्यांवर ६० चित्रे शक्य झाली.

केबलमधून किती माहिती वाहते?

पडद्यांच्या संख्येइतकाच त्यांचा दर्जाही महत्त्वाचा आहे. १९२० गुणिले १०८० रिझोल्यूशनच्या नेहमीच्या मॉनिटरवर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रे पाठवली, तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती केबलमधून वाहते. ४के पडद्यावर बिंदूंची संख्या चौपट, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार होते आणि माहितीचा ओघ सुमारे १२ गिगाबिटवर जातो.

एचडीएमआय १.४ या २००९ च्या मानकाची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट आहे. त्यामुळे अशा पोर्टवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवता येते. मजकूर वाचताना हे जाणवत नाही, परंतु माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा दिसतो. दिवसभर काम करणाऱ्याच्या डोळ्यांना ते त्रासदायक होते. २०१३ च्या एचडीएमआय २.० मानकात ही क्षमता १८ गिगाबिट झाली आणि ४के चित्र ६० वेळा पाठवणे शक्य झाले. संगणक, केबल आणि मॉनिटर या तिन्हींपैकी जो भाग सर्वांत जुना, त्याच्या क्षमतेनेच संपूर्ण जोडणी चालते, हे येथे लक्षात ठेवावे.

सारखे दिसणारे पोर्ट, एकाच दिशेचे अ‍ॅडॉप्टर

यूएसबी-सी पोर्टबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. बाहेरून सारखाच दिसणारा हा पोर्ट कधी फक्त माहितीची देवाणघेवाण करतो, कधी वीजही देतो आणि कधी चित्रही पाठवतो. पोर्टजवळ विजेच्या बाणाचे थंडरबोल्ट चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असेल, तर चित्र जाण्याची शक्यता धरता येते. चिन्ह नसल्यास संगणकाच्या माहितीपुस्तिकेत पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. केबलचेही तसेच आहे. मोबाइल फोनसोबत मिळणारी यूएसबी-सी केबल अनेकदा केवळ चार्जिंगच्या कामाची असते आणि तिच्यातून चित्र जात नाही.

अ‍ॅडॉप्टर घेताना दिशा पाहावी लागते. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारे साधे अ‍ॅडॉप्टर उलट दिशेने लावल्यास चालत नाही. त्या दिशेसाठी संकेत बदलणारे वेगळे आणि बहुधा वीज लागणारे उपकरण घ्यावे लागते. अनेक कार्यालयांत केवळ व्हीजीए पोर्ट असलेले जुने मॉनिटर अद्याप उत्तम स्थितीत आहेत. व्हीजीएची पद्धत १९८७ मधील असून तिचे संकेत अ‍ॅनालॉग स्वरूपाचे असतात. नव्या संगणकांतून डिजिटल संकेत बाहेर पडतात. त्यामुळे दोन टोकांना दोन प्रकारचे कनेक्टर असलेली साधी केबल येथे पुरत नाही, रूपांतर करणारे सर्किट असलेले अ‍ॅडॉप्टरच लागते. ते अल्प खर्चात मिळते आणि एक चालू मॉनिटर टाकून देण्याची वेळ टळते.

मर्यादेपलीकडचे मार्ग

एकाच पोर्टमधून अनेक पडदे चालवण्याची सोय डिस्प्लेपोर्टच्या २०१० मधील १.२ मानकात करण्यात आली. संगणकापासून पहिल्या मॉनिटरला आणि पहिल्यापासून दुसऱ्याला केबल जोडून किंवा एक हब वापरून हे साधता येते. विंडोज आणि लिनक्सवर ही पद्धत चालते. मॅक संगणकांवर मात्र अशा जोडणीत सर्व पडद्यांवर एकच चित्र दिसते. पोर्टची संख्या कमी असेल, तर या मार्गाचा उपयोग होतो. प्रोसेसरची पडद्यांची मर्यादा त्याने वाढत नाही.

ती ओलांडायची असल्यास डिस्प्लेलिंक हे तंत्रज्ञान वापरले जाते. त्यात संगणकातील एक प्रणाली चित्र आकुंचित करून यूएसबीमधून साध्या माहितीप्रमाणे पाठवते आणि डॉकमधील चिप ते पुन्हा उलगडते. एम-१ मॅक मिनीला तिसरा मॉनिटर जोडणाऱ्यांनी हाच मार्ग स्वीकारला. मजकूर, तक्ते आणि ईमेल यांसाठी तो पुरेसा आहे. परंतु त्याचा भार प्रोसेसरवर पडतो, वेगवान चलचित्रे आणि खेळ यांसाठी तो योग्य नाही, आणि मॅकवर संरक्षित चित्रपट अशा पडद्यावर दिसत नाहीत. शिवाय त्यासाठी ड्रायव्हर बसवावा लागतो. कार्यालयातील संगणकावर तशी परवानगी नसल्यास घेतलेला डॉक पडून राहतो.

जोडणी झाल्यानंतर

विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही दोन बटणे एकत्र दाबल्यास पडद्यांचे पर्याय दिसतात. त्यातील ‘एक्स्टेंड’ निवडल्यास प्रत्येक पडद्यावर वेगळे चित्र येते, ‘डुप्लिकेट’मध्ये तेच चित्र सर्वत्र दिसते. मॅकमध्ये ही सोय सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात असते. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवले आहेत त्याच क्रमाने ते तेथील आकृतीत मांडावेत, अन्यथा माउसचा बाण उजवीकडे नेल्यास डावीकडील पडद्यावर निघतो.

वारंवार वीज जाणाऱ्या भागांत यूपीएसचा विचारही आवश्यक आहे. लहान संगणक कमी वीज वापरतो, पण प्रत्येक मॉनिटरचा भार त्यात मिळवावा लागतो. दुसरा मॉनिटर थेट भिंतीवरील सॉकेटला जोडलेला असेल, तर वीज जाताच त्यावरील उघडे काम डोळ्यांसमोरून नाहीसे होते. ते जतन करण्यासाठी मग दुसऱ्या पडद्यावर ओढून आणावे लागते. किमान मुख्य मॉनिटर तरी यूपीएसवर असावा.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

दुकानदाराला किंवा पुरवठादाराला ‘पोर्ट किती आहेत’ असे विचारल्याने पुरेशी माहिती मिळत नाही. एकाच वेळी किती मॉनिटर चालतात, प्रत्येक मॉनिटर कोणत्या रिझोल्यूशनवर आणि सेकंदाला किती चित्रांसह चालतो, आणि तो कोणत्या पोर्टला जोडावा लागतो, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे उत्पादकाच्या तांत्रिक तपशिलात दिलेली असतात आणि ती लेखी घेणे इष्ट. कार्यालयासाठी दहा-वीस संगणकांची एकत्रित मागणी नोंदवताना हीच वाक्ये निविदेच्या अटींत असावीत. एका घरातील चुकीची किंमत एका मॉनिटरएवढी असते. कार्यालयात तीच चूक प्रत्येक टेबलावर होते आणि लहान संगणकात ती नंतर दुरुस्त करता येत नाही.