गुरुजी, पदरमोड करण्याआधी...

परवा जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी भेटले. वर्गासाठी कपाट घ्यायचं होतं, तेही पदरच्या पैशांनी. म्हटलं, थांबा जरा!

केंद्राचं 'विद्यांजली' पोर्टल २०२१ पासून नव्या रूपात आहे. यूडायस क्रमांकाने शाळेची नोंदणी करायची, गरज टाकायची. देणगीदार तिथेच बघतात.

पण मागणी नेमकी हवी. 'शैक्षणिक साहित्य मिळावे' एवढ्यावर कुणाचा खिसा सैल होत नाही (आपलाही झाला नसता). 'तिसरीच्या २८ मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं आणि कुलूप लागणारं लोखंडी कपाट' असं लिहा.

समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, त्यातून काही भागतं का तेही मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला लगेच चढवा. ऑडिटवाले आधी तेच मागतात.

मागणीचा मसुदा तपासून हवा असेल तर टाका इथे.