भेगेची खबर देणारं काँक्रीट

भेग वाढतेय का, हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहून ठेवायची. काच तडकली, तर भेग हलली. पण ही युक्ती दिसणाऱ्या भेगेपुरतीच. काँक्रीटच्या पोटात काय चाललंय, ते हातोडीने ठोकून, आवाज पोकळ येतो का ऐकून ताडावं लागतं.

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात पू-वोई चेन आणि डेबोरा चुंग यांनी १९९३ मध्ये वेगळीच वाट दाखवली. काँक्रीटवर सेन्सर चिकटवायचा कशाला? काँक्रीटच सेन्सर होऊ दे! त्यासाठी मिश्रणात कार्बनचे आखूड, केसाहून बारीक तंतू घालायचे. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर आणि प्रमाण आकारमानाच्या ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी.

प्रयोगशाळेत अशा ठोकळ्याला चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला व्होल्टेज मोजायचा आणि त्यावरून रोध काढायचा. ठोकळा ताणला की सूक्ष्म भेगा किंचित उघडतात, त्यांना सांधणारे तंतू सिमेंटमधून जरासे सरकतात आणि रोध वाढतो. ताण काढला की भेगा मिटतात, आकडा खाली येतो. मात्र तंतू तुटले किंवा कायमची भेग पडली, तर तो मूळ जागी परतत नाही. खरी गंमत इथेच आहे: नुसता भार आला होता की इजा झाली, हे एकाच मापातून कळतं.

अडचणीही आहेतच. तंतूंच्या गुठळ्या होतात. त्या मोडायला सिलिका फ्यूमसारखी बारीक पूड घालावी लागते. कार्बन तंतू स्वस्तही नाहीत. पण सर्वांत त्रासदायक म्हणजे ओल. भिजलेलं काँक्रीट स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे कोकणातल्या जुलैत आणि मे महिन्यात एकाच खांबाचे आकडे वेगळे येणार. तापमानाचाही परिणाम होतोच.

म्हणूनच मिनेसोटातल्या ‘एमएनरोड’ या चाचणी-रस्त्यावरचा प्रयोग बोलका ठरतो. तिथे कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्याच अतिसूक्ष्म नळ्या) मिसळलेलं काँक्रीट बसवलं, ते भेगा शोधायला नव्हे, वाहनं टिपायला. चाक वरून गेलं की आकडा क्षणात हलतो आणि तेवढ्या वेळात ओल बदलत नाही. पुलाची भेग मात्र वर्षानुवर्षं वाढते आणि दरम्यान कित्येक पावसाळे येऊन जातात.