विमानसंदेशांसाठी धातूचे अधिष्ठान

आकाशमार्गे जाणारे विमान आपले स्थान, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झच्या लहरींवरून सतत प्रसृत करीत असते, आणि ते संदेश घरबसल्या टिपण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्या अल्पमोली यंत्रासोबत बहुधा लोहचुंबकाच्या बुडाची एक आखूड अँटेना येते. ती लाकडी मेजावर ठेवणे म्हणजे तिच्यावर अन्यायच होय. कारण या लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंटिमीटर असल्यामुळे, तिच्या चतुर्थांशाएवढी, जेमतेम ७ सेंटिमीटरांची उभी दांडी ही वस्तुतः अर्धीच अँटेना असून, उरलेले अर्धांग तळाशी पसरलेल्या धातूच्या पृष्ठभागाने, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे, पुरवावयाचे असते. तो पृष्ठभाग नसेल, तर ते काम केबलच्या बाहेरील जाळीवर येऊन पडते, आणि संगणकाचा विद्युत्-गोंगाटही त्याच वाटेने आत शिरतो.

उपाय बिनखर्चाचा आहे: दांडीभोवती सर्व बाजूंस निदान ७ सेंटिमीटर पसरेल असा लोखंडी पत्रा, किंवा घरातला जुना तवासुद्धा, बुडाखाली ठेवावा. अँटेना स्वतः घडविणारे पत्र्याऐवजी चार तारा ४५ अंशांनी खाली कलवितात. त्यायोगे सपाट पत्र्यावर ३६ ओहमच्या आसपास असणारा रोध ५० ओहमपर्यंत चढतो व त्याच मापाच्या केबलशी जुळतो.

उंचीची उणीव मात्र पत्र्याने भरून निघत नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने, क्षितिज मोकळे असल्यास १० किलोमीटर उंचीवरील विमान ४०० किलोमीटरांवरूनही ऐकू येऊ शकते. डोंगर आड आला, की यंत्राचा अंमल तेथेच संपतो. म्हणून पत्र्यासह अँटेना गच्चीवर न्यावी, आणि केबल शक्य तितकी आखूड ठेवावी.