मिसळणाच्या डब्यातील हळद आणि बाटलीतील हळद

गेल्या दिवाळीस आमचा पुतण्या पुण्याहून सानगडीस आला, तेव्हा त्याने आपल्या काकूंकरिता एक बाटली आणली. आमच्या सौ.चे गुडघे गेली पाचसहा वर्षे धरले आहेत. पाटावर बसणे तर केव्हाच सुटले. अलीकडे ओसरीची पायरी चढतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागतो. बाटलीत नारिंगी रंगाच्या साठ कॅप्सूल होत्या. वर हळकुंडाचे चित्र आणि खाली कर्क्युमीन पाचशे मिलिग्रॅम, मिऱ्याचे सत्त्व पाच मिलिग्रॅम, असा मजकूर. किंमत ऐकताच सौ. म्हणाल्या, "अरे, हळदच ना ही? मग माझ्या मिसळणाच्या डब्यातली काय खोटी आहे?" पुतण्या हसला, आम्हीही हसलो, परंतु या साध्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी एकासही देता आले नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि संस्कृताचा थोडाबहुत व्यासंग एवढीच आमची शिदोरी. तथापि प्रश्न घरातूनच आला असल्यामुळे तो टाळणे बरे दिसेना. आमची एक माजी विद्यार्थिनी नागपुरास वैद्यकाचे शिक्षण घेत आहे. तिने मागितले ते निबंध धाडले, अडले तेथे समजावून दिले, आणि हिवाळ्याचे दोन महिने आमचे या अभ्यासात गेले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे, विशेषतः ज्यांच्या घरी अशीच एखादी बाटली येऊन पडली असेल त्यांच्यापुढे, ठेवीत आहो.

आरंभ आम्ही अर्थातच आमच्या ओळखीच्या ग्रंथांपासून केला. हरिद्रा, निशा, रजनी, कांचनी, वरवर्णिनी ही हळदीची नावे संस्कृतज्ञांस परिचित आहेत. आमची अशी समजूत होती की, सूज उतरविणारे द्रव्य म्हणून चरकाने हळदीस अग्रस्थान दिले असेल. पाहतो तो तसे नाही. चरकाच्या सूत्रस्थानात हळद लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गणांत येते. सूज हरण करणाऱ्या द्रव्यांच्या गणात मात्र दशमुळांची दहा द्रव्ये आहेत, हळद नाही! शोथ आणि व्रण यांवर हळदीचा गुण स्पष्ट सांगितलेला आम्हांस आढळला तो पुष्कळ पुढच्या काळातील भावप्रकाशात. 'आपल्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते' असे सभेत ठोकून देणे सोपे; पण कोणास, केव्हा आणि नेमके काय ठाऊक होते, हे पाहावयाचे तर पोथी उघडावी लागते.

सूज म्हणजे तरी काय? लाली, ऊष्णता, वेदना आणि फुगवटा ही तिची चार लक्षणे सेल्सस नामक रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात नमूद केली, ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस पाठ करावी लागतात. शरीरास इजा झाली की रक्तातील रक्षक पेशी त्या जागी धावतात आणि ठराविक रसायने सोडून इतरांस हाक घालतात. हे काम योग्य वेळी थांबले तर जखम भरते. न थांबले तर रक्षकच घर पोखरू लागतात. संधिवातात असेच घडते. हळदीतील पिवळे द्रव्य या हाका घालणाऱ्या रसायनांस आवर घालते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर अनेकदा दिसून आले आहे.

हे पिवळे द्रव्य म्हणजे कर्क्युमीन. फोगेल व पेल्टिये यांनी ते १८१५ साली हळदीतून वेगळे काढले आणि त्याची रासायनिक घडण १९१० साली उलगडली. परंतु सुजेच्या संदर्भात महत्त्वाचे काम झाले ते आपल्याच देशात. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ पासून छत्तर मंझिल या जुन्या नबाबी राजवाड्यात भरत असे. तेथील श्रीमल व धवन यांनी १९७३ साली उंदरांच्या पंजांस मुद्दाम सूज आणून कर्क्युमीनची परीक्षा केली. ताज्या सुजेवर ते त्या काळच्या फेनिलब्युटाझोन या औषधाइतकेच गुणकारी ठरले. जुनाट सुजेवर मात्र त्याच्या निम्मेच. पुढे १९८० साली देवधर, सेठी व श्रीमल यांनी संधिवाताच्या अठरा रोग्यांवर त्याचा प्रयोग केला आणि १९८६ साली सातोसकर, शहा व शेणॉय यांनी हर्नियासारख्या शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांवर.

या शेवटच्या प्रयोगापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. रोग्यांचे तीन गट केले होते. एकास कर्क्युमीन, दुसऱ्यास फेनिलब्युटाझोन आणि तिसऱ्यास नुसती दुधातील साखर, म्हणजे औषध नव्हेच! सहाव्या दिवशी पाहिले तो सुजेची एकंदर तीव्रता पहिल्या गटात शेकडा ८४, दुसऱ्यात ८६ आणि तिसऱ्यात ६२ इतकी उतरलेली. कर्क्युमीनने गुण दिला हे खरे. पण साखर खाणाऱ्यांचीही दोनतृतीयांशाच्या जवळपास सूज आपोआप ओसरली, हे आमच्या मनात घर करून राहिले. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा ऊन लेप घालून चार दिवसांनी 'बघा, उतरली की नाही सूज!' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या यशातील हळदीचा वाटा किती आणि चार दिवसांचा किती, हे कोण सांगणार? ते सांगण्यासाठीच तो साखरेचा गट असतो.

जुन्या वचनांचा काही उपयोग नाही, असे मात्र कोणी समजू नये. जखमा भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. संशोधक दोघेही मूळचे भारतीयच. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास हरकत घेतली. तिचे प्रमुख त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. हरकतीच्या पुराव्यादाखल बत्तीस उतारे सादर झाले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा भारतीय वैद्यक मंडळाच्या मासिकातील एक निबंधही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीबाईंच्या बटव्यातील वस्तू नवी नव्हे, इतके या निकालाने ठरले. ती कोणत्या रोगावर किती चालते, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हताच. पण वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांनी तोही सुटला असे धरले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याचा हा नमुना होय.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येऊ. बाजारच्या हळदपुडीत कर्क्युमीन शेकडा तीनच्या आसपास असते. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद या बाबतीत अधिक कसदार म्हणून ख्यातनाम आहे, पण आपण सरासरीच धरू. १९८० व १९८६ सालच्या प्रयोगांत रोग्यांस दररोज बाराशे मिलिग्रॅम कर्क्युमीन दिले होते. तेवढे पुडीतून मिळवावयाचे तर चाळीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीन तोळे हळद रोज पोटात गेली पाहिजे! वरणास, भाजीस आणि रात्रीच्या दुधास मिळून आमच्या घरी माणशी दोन ग्रॅमदेखील होत नाही. शिवाय कर्क्युमीन पाण्यात विरघळत नाही आणि जे थोडे आतड्यांतून शोषले जाते त्याचेही यकृत रूपांतर करून लागलीच बाहेर टाकते. १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात असे दिसून आले की, मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास माणसाच्या रक्तातील कर्क्युमीनचे प्रमाण वीस पटींनी वाढते. बाटलीवरील मिऱ्याचा उलगडा येथे झाला. मिरी यकृताचे हात बांधते, हे त्यातील इंगित. परंतु बांधलेले हात इतर औषधांसही आवरू शकत नाहीत. फेफऱ्यावरील एका औषधाचे रक्तातील प्रमाण पिपरीनने वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा डब्यातील हळद आणि बाटलीतील हळद या एका घरच्या असल्या, तरी एक नव्हेत. पहिली अन्न आहे. दुसरीस औषधाप्रमाणेच वागविले पाहिजे.

आणि औषध म्हटले की अपायही आलाच. अमेरिकेत हळदीच्या सत्त्वाने यकृतास इजा झालेल्या दहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली आहे. त्यांतील पाचांस इस्पितळात ठेवावे लागले आणि एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. यावरून हा धोका सरसकट नसून काही प्रकृतींनाच अधिक असावा, असे दिसते. गुणाच्या बाजूने पाहता, थायलंडात ३६७ गुडघेदुखीच्या रोग्यांवर झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हांस सर्वांत उपयोगी वाटला. चार आठवड्यांत हळदीचे सत्त्व आयब्युप्रोफेनच्या बरोबरीने चालले आणि पोटाचा त्रास कमी झाला. याउलट २०१७ साली अमेरिकेतील रसायनज्ञांनी आजवरचे सर्व काम चाळून, सव्वाशेच्या आसपास प्रयोग होऊनही कसून घेतलेल्या परीक्षेत कर्क्युमीन एकदाही निर्विवाद उत्तीर्ण झालेले नाही, असा शेरा मारला. हा शेरा फार कडक झाला, असे म्हणणारे विद्वानही आहेत. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. काठावरच्या विद्यार्थ्याविषयी दोन परीक्षकांचे एकमत क्वचितच होते.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ती लपविली तर बाकीचे लिहिण्याचा अधिकार राहणार नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, रोवणीच्या दिवसांत, बांधीच्या धुऱ्यावरून जाताना आमच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. आम्हांस मधुमेह आहे. पायाची जाणीव बोथट झाल्यामुळे दुखणे असे फारसे नव्हतेच. घरी येऊन काटा काढला, तुपात कालवलेली हळद भरली आणि पट्टी बांधली. मेहावर आवळा आणि हळद यांस वाग्भटाने श्रेष्ठ म्हटले आहे, असे मुलास ऐटीत सांगितल्याचेही आठवते. रोज पट्टी सोडावी, पिवळा रंग पाहून समाधान मानावे आणि पुन्हा बांधावी, असे आठ दिवस चालले. त्या पिवळेपणाखाली बोट काळे पडत होते, ते कोणास दिसले नाही. नवव्या दिवशी ताप भरला, मुलाने भंडाऱ्यास नेले आणि अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. आम्ही डॉक्टरांस ओशाळून विचारले, "हळदीने अपाय केला का?" ते म्हणाले, "हळदीने नाही, गुरुजी. तिच्या भरवशावर घालविलेल्या आठ दिवसांनी."

हळदीच्या रंगाविषयी आणखी एक गोष्ट गृहिणींस कळवावयाची आहे. बांगलादेशात हळदीस तेजस्वी पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळीत असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. हा रंग दळलेल्या पुडीतच घालतात असे नाही. अख्ख्या हळकुंडांवरही तो चढवितात. सरकारने तेथे कडक तपासणी आणि दंड सुरू केल्यावर दोन वर्षांतच बाजार बहुतांशी स्वच्छ झाला. शिशाचा अपाय लहान मुलांच्या बुद्धीस होतो. सबब डोळ्यांत भरेल अशा पिवळ्याधमक हळकुंडापेक्षा मळकट, मातकट दिसणारे घ्यावे आणि शक्य तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावे. आमच्या परसात आळूच्या शेजारी हळदीची दहाबारा रोपे आहेत. शिजवून, वाळवून, कुटून वर्षाची निम्मी गरज भागते. दिसावयास ती हळद अगदीच फिकी, म्हणून सौ. हळदीकुंकवाला ती बाहेर काढीत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बाटलीचे काय झाले, हे विचारण्याचा वाचकांस हक्क आहे. ती घेऊन आम्ही उभयता साकोलीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सौ.ची चालू औषधे पाहिली, यकृताची तपासणी करविली आणि महिनाभर घेऊन पाहण्यास अनुमती दिली. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली तर त्याच दिवशी बंद करून यावे, अशी ताकीदही दिली. त्याचबरोबर मांडीचे स्नायू बळकट करण्याचे दोन व्यायाम खुर्चीत बसून रोज करावयास सांगितले. महिन्याने गुडघ्यांस थोडा उतार पडला. पायरी चढताना भिंत धरावी लागते, पण पूर्वीइतकी नाही. पुतण्या दूरध्वनीवर म्हणतो, कॅप्सूलचा गुण. डॉक्टर म्हणतात, व्यायामाचा असेल. आम्ही त्या १९८६ सालच्या साखरेच्या गटाची आठवण देतो, तेव्हा दोघेही आमच्यावर रागावतात. बाटली संपल्यावर सौ.नी दुसरी मागविली नाही. व्यायाम मात्र चालू ठेवले आहेत. रिकामी बाटली धुऊन, पुसून त्यांनी तीत परसातली हळद भरली आहे आणि ती मिसळणाच्या डब्याशेजारी मांडली आहे.