राखण एकट्याची नव्हे, गल्लीची



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खतमात्रा, हुमणी, पाचट यांविषयी लिहितो. या खेपेला विषय जरा निराळा आहे, पण तो शेतीबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. एप्रिल-मे महिन्यात नदीकाठची मोटर, स्टार्टर किंवा केबल रात्रीतून गेली, तर नवी वस्तू आणून, जोडून पाणी सुरू होईपर्यंत पाळी चुकते. उन्हाळ्यात ताण बसलेल्या उसाची कांडी आखूड राहते, आणि आखूड राहिलेली कांडी मागाहून कितीही युरिया टाकला तरी लांब होत नाही. डीपीतले तेल आणि तांब्याची तार गेली, तर त्या डीपीवरच्या सगळ्यांचेच पाणी बंद. चोर माल विकतो भंगाराच्या भावाने आणि आपले नुकसान होते टनांत. को ८६०३२ लावा नाहीतर २६५ लावा, मोटर जागेवर नसेल तर दोन्ही वाण सारखेच!

म्हणून राखणीचा विचार हा ऊस विकासाचाच एक भाग आहे असे आम्ही मानतो.

शिवारात ऊस, घरात चांदी

हुपरी आणि भोवतालच्या गावांची जोखीम दुहेरी आहे. शिवारात ऊस उभा आणि घरात चांदीचे काम. पैंजण, वाळे, घुंगरू, करदोडे हा माल एका मोठ्या छपराखाली तयार होत नाही. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी जोडकाम, तिसऱ्या घरी पॉलिश. माल हातोहात गल्लीतून फिरतो. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला. म्हणजे पूर्वी ज्या पिशवीकडे कोणी वळून पाहत नसे, तीच पिशवी आज एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न घेऊन चाललेली असते. आणि आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरी एक भाऊ उसात, तर दुसरा चांदीत आहे.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला दूधगंगा, जवळच इचलकरंजी, कागलची औद्योगिक वसाहत आणि पलीकडे कर्नाटकची हद्द. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरली की भंडाऱ्याने माखलेले हजारो लोक याच वाटांनी येतात-जातात. अशा मुलखात नवखा माणूस दिसणे ही रोजचीच गोष्ट. ‘नवखा दिसला म्हणजे चोर’ हा हिशेब इथे चालायचा नाही. त्याच्या उलट ‘आपलं काय जातंय’ म्हणून डोळे मिटून बसणेही परवडायचे नाही. मधली वाट काढली पाहिजे, आणि ती पूर्वी काढली गेलेली आहे.

जुनी रीत : माग

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम सांगितले आहे. रात्री कोण आले, कोण गेले हे जागल्याने पाहायचे, गावातला प्रत्येक माणूस त्याला माहीत असायचा. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला की तिथला जागल्या तो हाती घेई आणि पुढे चालवी. ज्या गावाच्या हद्दीत माग संपला, त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. म्हणजे ‘आमच्या गावात चोरी झालीच नाही’ असे म्हणून कोणाला सुटता येत नव्हते. शेजारच्या गावचे नुकसान ते आपले नुकसान, हे त्या काळी नुसते बोलण्यापुरते नव्हते, त्याचा पैशात हिशेब होत होता.

याच जुन्या व्यवस्थेला पुढे एक वाईट फाटा फुटला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, पण संशय पुष्कळांच्या मनातून अजून गेलेला नाही. माग वस्तूचा काढायचा असतो, जातीचा नव्हे, ही गोष्ट आपण पक्की ध्यानात ठेवली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर वतनदारी संपली आणि महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले पोलीस पाटील आले. गावातल्या घडामोडींची खबर पोलीस ठाण्याला देणे, गुन्हा घडू नये म्हणून लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. ग्रामसुरक्षा दलाची तरतूदही १९५१ च्या पोलीस कायद्यात आहे. म्हणजे नवीन काही मागायला नको. आहे ते वापरायचे आहे.

भिवंडीने काय केले?

आता जरा लांबचे उदाहरण. इचलकरंजीसारखीच भिवंडी ही यंत्रमागाची नगरी. तिथे १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी आधी १९८४ च्या दंगलीचा अभ्यास केला आणि मग मोहल्ला समित्या उभ्या केल्या. या समित्यांत पुढारीच घेतले नाहीत. कामगार, दुकानदार, दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली. विशेष म्हणजे समितीशी बसून बोलायचे काम साध्या शिपायांवर आणि फौजदारांवर सोपवले. गटार, नळ, भाडेकरू, नवरा-बायकोचे भांडण, सगळे तिथे निघे. लोकांना पोलीस नावाने ओळखू लागले आणि पोलिसांना गल्ली कळू लागली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही १९९४ पासून मोहल्ला कमिट्यांचे काम सुरू झाले. ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी हे पोलीस अधिकारी त्यात पुढे होते.

दंगल वेगळी आणि मोटरची चोरी वेगळी, हे खरे. पण धडा एकच आहे. संकटाच्या रात्री ओळख करून घेता येत नाही. ती आधीच झालेली असावी लागते. आपल्या बीटचा अंमलदार कोण, त्याचा फोन नंबर काय, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे कायतरी बालंट, ही भीती किती घरांत आहे? दोन्ही गोष्टी बदलता येतात, आणि त्याला खर्च काही नाही.

आपण काय करायचे?

आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा नजरेस पडलेल्या साध्या गोष्टी खाली देत आहोत.

एक. मळ्यातल्या घराला ऊस टेकवू नका. घराच्या भिंतीपासून आणि वाटेच्या कडेने काही सऱ्या मोकळ्या ठेवा किंवा तिथे भाजीपाला, भुईमूग, सोयाबीन असे बुटके पीक घ्या. डोक्याच्या वर गेलेला ऊस दारापर्यंत आला की शेजाऱ्याला तुमचे दार दिसत नाही, आणि चोराला आडोसा आयता मिळतो. दोन सऱ्यांच्या उसाचे पैसे किती आणि निर्धास्त झोपेची किंमत किती, हा हिशेब घरच्या बायकांना विचारून करावा. मळ्यात दिवसभर एकट्या त्याच असतात.

दोन. मोटर, स्टार्टर, पाईप यांवर आपला गट नंबर आणि खूण कोरून घ्या. नुसता रंग खरवडला जातो. खरेदीची पावती आणि मोटरचा नंबर घरी जपून ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चोरीचा माल सापडूनही ‘हा माझाच’ हे सांगता येत नाही म्हणून अडचण होते.

तीन. नदीकाठी एका रांगेत ज्यांच्या मोटरी आहेत, त्यांनी एकट्या-एकट्याने राखण करू नये. पाण्याची पाळी जशी वाटून घेतो तशी राखणीची पाळी वाटून घ्यावी. रात्रीच्या लाईटला नाहीतरी कोणी ना कोणी जागा असतोच. त्याने आपल्या मोटरीबरोबर शेजारच्या चार मोटरींवर बॅटरी मारली की झाले.

चार. चांदीचा माल ने-आण करणाऱ्यांनी रोजची वेळ आणि रोजची वाट एकच ठेवू नये. कुठे निघालो, काय घेऊन निघालो, याची चर्चा पानपट्टीवर नको.

पाच. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे लुटालूट झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे तोतये आणि ‘दागिने उजळून देतो’ म्हणत दारात येणारे, हे दोन्ही प्रकार म्हाताऱ्या माणसांना पुन्हापुन्हा समजावून सांगा. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही.

सहा. चोरी लहान असली तरी तक्रार द्या. ‘केबलच गेलीय, जाऊ दे’ म्हटले की ठाण्याच्या कागदावर आपले शिवार शांत दिसते, मग गस्त कशी वाढणार? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग तो गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले तर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. तातडीच्या मदतीला ११२ हा क्रमांक आहे.

सात. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की फोन सुरू होतात. ओटीपी सांगू नका. ‘डिजिटल अटक’ असला प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर घटकाभरही न थांबता १९३० वर कळवा. लाजेने लपवण्यात जो वेळ जातो, त्या वेळात पैसे पुढच्या खात्यात जातात.

हात आवरा

आता सर्वांत महत्त्वाचे. गस्त सुरू झाली की उत्साह येतो, काठ्या येतात, आणि व्हॉट्सॲपवर अफवा येतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा इथे पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले इथे चोर समजून दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. दोन्ही ठिकाणी मारणारे लोक सराईत गुंड नव्हते. ते तुमच्या-आमच्यासारखे, गाव राखायला निघालेले लोक होते. मेलेल्यांचे जीव गेले, आणि मारणाऱ्यांची घरे कोर्टकचेरीत गेली.

कायदा सांगतो की डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. पण विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले पाहिजे. पकडण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही. म्हणून गस्तीचा नियम एकच : थांबवा, नाव-गाव विचारा, ११२ ला कळवा, बसवून ठेवा, पाणी द्या. ज्याला हा नियम पाळता येत नाही, त्याला गस्तीत घेऊ नये.

टोळीवाल्यांची बाजू

हंगाम सुरू झाला की बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, आणि कुठे काही गेले की बोट आधी त्यांच्या कोपीकडे जाते. वास्तविक पहाटेपासून मोळ्या बांधणारा माणूस रात्री चोऱ्या करायला उरतो कुठे? त्याच्या कोपीला दार नाही, कुलूप नाही. पोरे उघड्यावर आणि बायका अंधारात. चोरीची खरी धास्ती त्यालाच. टोळीतला पैशाचा व्यवहार वेगळा. उचल घेऊन न येणाऱ्या मुकादमांनी आपल्या वाहनधारकांना बुडवले आहे, त्यांच्यावर कागदोपत्री करार करून कायद्याने जावे. पण त्याचा राग तोडकऱ्यावर काढू नये.

टोळी उतरली की त्याच दिवशी मुकादमाचे नाव, गाव, माणसांची संख्या आणि फोन यांची नोंद गट कार्यालयात आणि पोलीस पाटलांकडे करावी. ही नोंद संशयासाठी नव्हे. त्यांच्यातले कोणी आजारी पडले, हरवले, कोणी त्रास दिला, तर त्यांनाही हाक मारायला माणूस हवा. गस्तीची फेरी कोपीवरूनही गेली पाहिजे. तीही आपल्याच गल्लीतली घरे आहेत, निदान हंगामापुरती तरी.

शेवटी एक विनंती. बॉयलर पेटण्यापूर्वी गावोगाव एक बैठक घ्यावी. पोलीस पाटील, बीट अंमलदार, पाणीपुरवठा संस्थेचे लोक, चांदी कारागीर आणि महिला सभासद यांना बोलवावे. व्यासपीठ, हारतुरे काही नको, देवळाच्या ओट्यावर बसले तरी चालेल. काठच्या मोटरींची यादी करावी, पाळ्या लावाव्यात, फोन नंबर वाटून घ्यावेत. आमचे गटातील कर्मचारी यादी लिहायला येतील. एकेकट्याला न जमलेले पाणी आपण संस्था काढून माळावर नेले. राखण त्याहून अवघड नाही.