मिरजेचे वानलेस कुटुंब आणि मिशन दवाखाना

विल्यम जेम्स वानलेस आणि त्यांची पत्नी मेरी हे नवविवाहित जोडपे 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने दक्षिण महाराष्ट्रात आले. विल्यम यांचा जन्म 1865 चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला. वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कला झाले आणि पदवी हाती पडताच त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. पहिला दवाखाना सांगलीत निघाला. पुढे दोन-तीन वर्षांतच बिऱ्हाड मिरजेला हलले आणि तिथेच रुजले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान, रेल्वेचे ठिकाण. 1891 मध्ये कोल्हापूरचा फाटाही इथून निघाला. दूरच्या रोग्याला गाडीने थेट येता येईल असे गाव निवडणे हा त्या काळी साधा निर्णय नव्हता. मिरजेच्या दवाखान्याचे पुढचे सारे यश या निवडीवर उभे आहे.

या भागात मिशनची पायवाट आधीच पडलेली होती. मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांचे काम 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. कोल्हापुरात जन्मलेल्या त्यांच्या मुलाने, रॉबर्ट वाइल्डरने, अमेरिकेतल्या महाविद्यालयांत तरुणांना परदेशी सेवेसाठी उभे करणारी चळवळ चालवली. म्हणजे कोल्हापूरच्या मिशन बंगल्यात वाढलेल्या एका मुलाची हाक अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली होती. वानलेस त्याच पिढीचे.

मिरजेचे रुग्णालय 1894 मध्ये उघडले. इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला. ते रेल्वे इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे चालक होते. वानलेस यांचे नाव गावोगाव झाले ते मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे. त्या काळी खेड्यापाड्यांत फिरते वैदू सुई घालून डोळ्यातले पिकलेले भिंग मागे ढकलत. रोग्याला लगेच उजेड दिसे, वैदू पैसे घेऊन पुढच्या गावी जाई आणि बरेचदा काही दिवसांत डोळा पिकून कायमचा जाई. दवाखान्यातली रीत वेगळी होती. कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करायचा, निर्जंतुक हत्यारांनी बुबुळाच्या कडेला छेद घ्यायचा, गढूळ झालेले भिंग बाहेर काढायचे, मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून रोग्याला काही दिवस न हलता उताणे निजवायचे. या दिवसांत त्याला भरवणारे, पाणी पाजणारे माणूस घरचेच असे. म्हणून रोगी एकटा कधी आलाच नाही. बैलगाडीतून कुटुंब आले, सोबत पीठ, भांडी आणि सरपण आले आणि दवाखान्याच्या आवारात चुली पेटल्या. पट्टी सुटल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावून शेताचा बांध पुन्हा ओळखणारा म्हातारा गावी परतला, की त्याच्या मागोमाग त्या गावचे आणखी चारजण मिरजेला येत. जाहिरातीची गरज पडली नाही.

वानलेस पती-पत्नीची ख्रिस्तावरची निष्ठा उघड होती आणि ती झाकण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. मिशन दवाखान्यात दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होई. बाहेर ताटकळणाऱ्या रोग्यांना मराठीतून शुभवर्तमान वाचून दाखवले जाई. त्यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आजारी, परावलंबी माणसासमोर धर्म सांगावा का, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र मिरजेला आलेले बहुतेक सारे रोगी ज्या धर्माने आले त्याच धर्माने घरी गेले, आणि उपचार त्यांना सारखेच मिळाले. मिशनरी डॉक्टरला मंडळाकडून ठरावीक निर्वाहभत्ता मिळे. श्रीमंत रोग्याने दिलेली फी त्याच्या खिशात न जाता दवाखान्याच्या खात्यात जमा होई. संस्थानिकाच्या फीतून गरिबाचे औषध निघे. त्यांच्या विश्वासाची खरी परीक्षा घ्यायची तर ती या जमाखर्चात घ्यावी.

पहिली काही वर्षे कठीण गेली. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे दक्षिण महाराष्ट्रात पसरला. 1896–97 आणि 1899–1900 अशी दुष्काळाची दोन वर्षे त्यात मिसळली. याच धामधुमीत, 1897 मध्ये, वानलेस यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू केले. एक परदेशी डॉक्टर कितीही राबला तरी किती रोगी पाहणार, हे त्यांनी ओळखले होते. इथे शिकलेले हिंदी तरुण निरनिराळ्या मिशनांच्या दवाखान्यांत जाऊ लागले. परिचारिकांचे शिक्षणही मिरजेत उभे राहिले. 1900 साली कुष्ठरोग्यांसाठी वेगळा आश्रम निघाला. घरच्यांनी टाकलेल्या, देवळाबाहेर बसून भीक मागणाऱ्या माणसाला छप्पर आणि जखमांवर मलमपट्टी मिळू लागली. त्या काळात कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हतेच.

या धावपळीत घराचे काय होत असे, हे मिशनच्या अहवालांतून फारसे दिसत नाही. मिशनरी कुटुंबांची मुले थोडी मोठी झाली की शिक्षणासाठी दूर पाठवावी लागत. अमेरिकन मुलांसाठी कोडाईकनालची शाळा 1901 मध्ये निघाली. त्याआधी अनेकांना मुलांना समुद्रापार पाठवून वर्षानुवर्षे पत्रांवरच समाधान मानावे लागे. काही वर्षांनी एकदा मायदेशी रजा मिळे, आणि त्या रजेतही तिथल्या चर्चच्या मंडळ्यांपुढे भाषणे करून दवाखान्यासाठी पैसे गोळा करावे लागत. 1906 साली मेरी वानलेस मिरजेतच वारल्या. सतरा वर्षे त्यांनी या परक्या मुलुखात संसार केला होता. कोल्हापूरचे मेरी वानलेस हॉस्पिटल आज त्यांचे नाव चालवते, आणि हे योग्यच आहे. मिशनच्या इतिहासात पत्नींचे श्रम बहुधा पतीच्या नावाखाली जमा झालेले आहेत. विल्यम यांनी पुढल्या वर्षी लिलियन हॅवेन्स यांच्याशी विवाह केला आणि मिरजेतले काम सुरू ठेवले.

मराठी मुलुखात अशी इतरही घराणी होती. जोसेफ गोहीन कोल्हापूर मिशनमध्ये होते, त्यांचा मुलगा वेंगुर्ल्याला डॉक्टर झाला, आणि 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेला नातू रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. अहमदनगरला 1876 साली जन्मलेले एडवर्ड ह्यूम चीनमधल्या चांगशा शहरी गेले आणि 1906 मध्ये तिथे त्यांनी रुग्णालय सुरू केले. निजामाच्या राज्यातल्या जालन्याची वाट मात्र एका मराठी माणसाने पाडली. 1843 साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे मिशनरी झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. पुढे जालन्यातही मिशन हॉस्पिटल झाले आणि मराठवाड्यातल्या रोग्यांना जवळचा आसरा मिळाला.

इकडे वानलेस यांच्या मिरजेत, क्षयरोग्यांसाठी मिरज-सांगली रस्त्यालगत 1920 मध्ये आरोग्यधाम निघाले. क्षयावर औषध सापडायला अजून पाव शतक होते. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा सकस आहार आणि उघड्या व्हरांड्यातली खाट, एवढीच उपचारांची सामग्री होती. महिनोन्‌महिने तिथे राहणाऱ्यांतले काही बरे होऊन गेले, काही गेले नाहीत. या वसाहतीलाच लोक वानलेसवाडी म्हणू लागले.

1928 मध्ये ब्रिटिश सरकारने वानलेस यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि डॉ. चार्ल्स व्हेल यांनी रुग्णालयाची सूत्रे घेतली. अमेरिकेत वानलेस यांनी आपल्या हिंदुस्थानातल्या कामावर पुस्तक लिहिले, ते 1932 साली प्रसिद्ध झाले. 1933 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. 1962 साली राज्य सरकारने मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा विद्यार्थ्यांना रोग्यांच्या खाटेपाशी शिकवण्यासाठी याच रुग्णालयाचा आधार घेतला गेला.