समुद्री दृढरोमी कृमींचे नामकरण व वर्गीकरण : पाठ्यपुस्तकातील एका तक्त्याचा पुनर्विचार

प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ॲनेलिडा संघाचे तीन वर्ग वर्षानुवर्षे शिकविले गेले आहेत : नेरीससारख्या समुद्री कृमींचा पॉलिकीटा, गांडुळांचा ऑलिगोकीटा आणि जळवांचा हिरुडिनिया. तक्ता सुटसुटीत असल्याने विद्यार्थी तो सहज पाठ करतात. तथापि हे तीन वर्ग प्राण्यांचे खरे नातेसंबंध दाखवीत नाहीत, असे १९९७ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाची कारणे आणि त्याचे अध्यापनातील महत्त्व यांचा विचार केला आहे.

पॉलिकीट म्हणजे काय ?

या कृमींचे शरीर वलयांचे बनलेले असते. बहुतेकांच्या वलयांवर दोन्ही बाजूंस मांसल पार्श्वपाद असतात व त्यांतून कायटिनयुक्त दृढरोमांचे झुपके बाहेर येतात. ग्रीक भाषेतील ‘पुष्कळ’ आणि ‘केस’ या अर्थांच्या शब्दांवरून पॉलिकीटा हे नाव तयार झाले. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. काही मुक्तपणे सरपटतात, काही चिखलात बिळे करतात, तर काही स्वतः तयार केलेल्या नळीत आयुष्य काढतात.

नावाची रीत

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ लिनीअस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून मानला जातो. वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका युरोपीय कृमीला लिनीअस यांनी गांडुळाच्याच प्रजातीत घालून लुंब्रिकस मरीनस म्हटले. पुढे लामार्क यांनी अरेनिकोला ही वेगळी प्रजाती स्थापन केली. त्यामुळे आज हे नाव अरेनिकोला मरीना (लिनीअस, १७५८) असे लिहितात. येथील कंस महत्त्वाचा आहे. मूळ लेखकाने ही जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, एवढे तो सांगतो. विद्यार्थी पुष्कळदा कंस गाळतात, आणि त्याबरोबर नावाचा इतिहासही गळतो.

वर्गीकरणाची वाटचाल

लिनीअस यांनी हे कृमी एकत्र ठेवले नव्हते. अरेनिकोला ‘इंटेस्टायना’ गणात, नेरीस व ॲफ्रोडिटा ‘मोलस्का’ गणात, तर चुन्याची नळी करणारा सर्पुला शिंपल्यांबरोबर ‘टेस्टेशिया’ गणात गेला. बाह्य रूप हाच आधार असल्याने असे झाले. लामार्क यांनी १८०२ मध्ये वलयी कृमींसाठी ॲनेलिड हे नाव योजले आणि ग्रूब यांनी १८५० मध्ये पॉलिकीटा हा गट मांडला. मुक्तसंचारी ते एरँशिया व स्थिर राहणारे ते सेडेंटेरिया, अशी पॉलिकीटांची विभागणीही दीर्घकाळ रूढ होती.

१९९७ मध्ये मॅकह्यू यांनी एका जनुकाच्या अभ्यासावरून दाखविले की, स्वतंत्र संघ मानले गेलेले एकियुरा व पोगोनोफोरा हे पॉलिकीटांमधूनच उद्भवले आहेत. गांडुळे व जळवा यांचेही तसेच आहे. २०११ मध्ये स्ट्रक व सहकाऱ्यांनी अनेक जनुकांच्या आधारे एरँशिया व सेडेंटेरिया ही नावे नव्या अर्थाने पुन्हा मांडली. त्यांत गांडुळे आणि जळवा सेडेंटेरियाच्या आत आल्या.

एखाद्या घराण्याची वंशावळ लिहिताना परगावी स्थायिक होऊन पेहराव बदललेली शाखा वगळली, तर ती वंशावळ अपुरी ठरते. पॉलिकीटा वर्गाचे नेमके हेच झाले होते. गांडुळांच्या पूर्वजांनी पार्श्वपाद गमावले, जळवांनी तर बहुधा दृढरोमही गमावले. पण त्यामुळे त्यांचे कूळ बदलले नाही.

चुकीच्या नावाचे परिणाम

कॅपिटेला कॅपिटाटा या कृमीचे प्रथम वर्णन फॅब्रिशियस यांनी १७८० मध्ये ग्रीनलंडमधील नमुन्यांवरून केले. पुढे जगभरच्या सेंद्रिय प्रदूषित चिखलातील तशाच दिसणाऱ्या कृमींना तेच नाव मिळाले व तो प्रदूषणाचा निदर्शक मानला गेला. १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने विकरांच्या अभ्यासावरून दाखविले की, या एका नावाखाली निदान सहा जाती आहेत व त्यांचे जीवनक्रमही भिन्न आहेत. त्यांपैकी एकीला २००९ मध्ये कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळाले. नाव एक आणि जाती अनेक असल्या, तर दोन किनाऱ्यांवरील प्रदूषणाची तुलना फसवी ठरू शकते.

भारतातही हा प्रश्न आहे. फोवेल यांचा १९५३ चा भारतीय पॉलिकीटांवरील ग्रंथ आजही उपयोगी आहे. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात दूरदेशीच्या अनेक जातींची नावे आपल्या किनाऱ्यावरील कृमींना दिलेली आढळतात. असे नमुने नव्याने तपासले जात असून २०२० मध्ये भारतातील नमुन्यांवरून मार्फिसा माद्रासी या नव्या जातीचे वर्णन झाले.

अध्यापनासाठी काही सूचना

१. अभ्यासक्रमात तीन वर्ग असतील तर ते शिकवावेत. मात्र ती सोयीची विभागणी आहे, वंशावळ नव्हे, हे त्याच तासाला सांगावे.

२. नेरीस, गांडूळ व जळू यांचे नमुने शेजारी ठेवून कोणते लक्षण टिकले व कोणते लोपले, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

३. किनाऱ्यावरून आणलेल्या नमुन्याबरोबर स्थळ, दिनांक व अधिवास लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. फॉर्मॅलिनमधील नमुन्यातून डीएनए मिळविणे अवघड असल्याने काही नमुने तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

४. खात्री नसल्यास जातीचे नाव न लिहिता प्रजातीवर किंवा कुलावर थांबावे. अर्धवट खात्रीच्या नावापेक्षा हे अधिक शास्त्रशुद्ध होय.

समारोप

शास्त्रीय नाव हे पुराव्यावर आधारलेले विधान असते आणि पुरावा वाढला की ते बदलू शकते. पाठ्यपुस्तकातील तक्ता बदलला म्हणजे पूर्वीचे अभ्यासक अज्ञ होते असे नव्हे. त्यांनी जपलेले नमुने व केलेली वर्णने नसती, तर आजची दुरुस्तीही शक्य झाली नसती. हा दृष्टिकोन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला, तर वर्गीकरण हा केवळ पाठांतराचा विषय राहणार नाही.